डिकल वाळल्यावर खाली चांदी येते: कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

डिकल म्हणजे पारदर्शक फिल्मवर छापलेलं, पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायचं चिन्ह. रात्री विमानाच्या मॉडेलच्या पंखावर राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह, बसवलं. ओलं होतं तोवर थेट रंगवल्यासारखं दिसत होतं. सकाळी बघावं तर त्याच्या कडेच्या पारदर्शक भागात चंदेरी धुकं आलेलं. पुढच्या मॉडेलला दुप्पट जपून लावलं तरी तेच. सांगली-मिरजेत हा नाद असलेली जी मोजकी मंडळी आहेत, ती भेटली की पहिली तक्रार हीच असते आणि पाठोपाठ डिकल मऊ करणाऱ्या द्रावणाबद्दल प्रश्न येतो, "ह्याच्यापेक्षा कडक सॉफ्टनर कुठला मिळंल?" विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांनी चांदी काढावी, त्यांचा तो पिढीजात धंदा आहे. आपल्याला ती नको आहे.

कडक सॉफ्टनर मागवायच्या आधी थांबा. डिकलचं नशीब बहुतेक वेळा ते पाण्यात पडायच्या आधीच ठरलेलं असतं आणि ते ठरवतो खालचा रंग. शिवाय आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. बोअरचं क्षारट पाणी, एप्रिलमधलं ऊन आणि जुलैतली दमट हवा या तिघांमुळं मॉडेलवर जे पांढरं दिसतं ते सगळं एकाच कारणाचं नसतं. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर चांगलं डिकलही हातचं जातं. म्हणून आधी निदान.

पांढरं नेमकं कुठलं आहे

मोबाइलचा टॉर्च लावा आणि मॉडेल हातात फिरवत प्रकाश आडवा पाडा. खरं सिल्व्हरिंग, म्हणजे फिल्मखाली हवा अडकून आलेली चांदी, असेल तर ते एका कोनातून झगझगतं आणि थोडं फिरवलं की जवळपास नाहीसं होतं. त्याची हद्द डिकलच्या फिल्मच्या कडेला बरोबर थांबते, बाहेर एक केसभरही जात नाही. शंका असेल तर बारीक ब्रशनं कडेला स्वच्छ पाण्याचा थेंब टेकवा. कुठं फट असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि तेवढा भाग तुमच्या डोळ्यांदेखत गडद होतो. तसं झालं तर खाली हवा आहे हे नक्की समजा. मात्र थेंब आत गेला नाही म्हणून हवा नाही असं होत नाही. कडा घट्ट चिकटल्या असतील तर पाण्याला शिरायला वाटच नसते.

पांढरेपणा फिल्मच्या बाहेर किंवा कडेभोवती वेड्यावाकड्या वर्तुळात असेल तर तो पाण्यातला क्षार. तपकिरी किंवा चकचकीत डाग असेल तर तो डिकलचा उरलेला गोंद. हे दोन्ही वरवर असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेल्या इअरबडनं पुसले की जातात आणि विषय तिथंच संपतो.

तिसरा प्रकार पावसाळ्यातला. क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारला आणि काही मिनिटांत सगळा पंख दुधाळ झाला, डिकल असलेला भागही आणि नसलेलाही. यात डिकलचा काही संबंध नाही. ही वार्निशमध्ये अडकलेली ओल, तिच्याबद्दल पुढं बोलू.

चौथा प्रकार शेवटच्या मॅट (बिनचमकीच्या) कोटनंतर दिसतो. पंखाच्या सांध्यात, एक्झॉस्टच्या मागं, जिथं मॅट जास्त साचलं तिथं पिठूळ थर येतो. डबीच्या तळाशी बसलेली मॅटची पावडर नीट ढवळली नाही किंवा एकाच जागी भरपूर मारली की हे होतं. त्यावर ग्लॉसचा (चमकदार क्लिअरचा) एक हलका हात दिला की बहुतेक वेळा ते गायब होतं आणि मग पुन्हा बेतानं मॅट मारता येतं.

सकाळीच का दिसतं

आता खऱ्या सिल्व्हरिंगकडं येऊ, कारण नव्वद टक्के डोकेदुखी तिथंच आहे. मॅट रंग मॅट दिसतो तो त्यातल्या बारीक कणांमुळं. रंग वाळला की हे कण वर उंचवटे करतात आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. डिकलची फिल्म या उंचवट्यांच्या डोक्यावर पसरते, खालच्या खळग्यांत उतरत नाही. ओलं असताना त्या खळग्यांत पाणी असतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि फिल्मचा साधारण १.५, म्हणजे फरक थोडा. प्रकाश फारसा न अडखळता खालच्या रंगापर्यंत पोचतो आणि आपल्याला डिकल रंगवल्यासारखं वाटतं. रात्रभरात पाणी उडून जातं आणि त्याची जागा हवा घेते. हवेचा अपवर्तनांक १. आता फिल्मच्या खालच्या बाजूनं प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फिरतो आणि तीच आपली चांदी.

त्यामुळं डिकल ओलं असताना छान दिसलं याला काहीच अर्थ नाही. ते प्रमाणपत्र सकाळी वाळल्यावरच मिळतं.

यातून दुसरी गोष्टही कळते. राउंडेलच्या भगव्या किंवा हिरव्या भागात चांदी सहसा दिसत नाही, कारण तिथं शाईनं खालचं सगळं झाकलेलं असतं. ती दिसते पारदर्शक फिल्मवर. भारतीय हवाई दलाच्या हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजवर सर्वांत जास्त त्रास देतात ते बारीक सूचनांचे स्टेन्सिल. दोन मिलिमीटरचं अक्षर आणि भोवती पाच मिलिमीटरची मोकळी फिल्म. त्याउलट उघड्या धातूच्या रंगातलं मिग-२१ करायला घेतलं तर सिल्व्हरिंग कमी होतं, कारण धातूचा रंग मुळातच गुळगुळीत असतो. तिथं फिल्मची कड दिसते हे वेगळं दुखणं.

आधीच आलेली चांदी काढायची कशी

बहुतेकांना हेच हवं असतं, म्हणून आधी हे सांगतो. डिकलवर अजून वार्निश गेलं नसेल तर काम सोपं आहे. मेडिकलमधून इन्सुलिनची सुई आणा. धारदार नवं ब्लेडही चालतं, पण सुईचं भोक लहान पडतं. फक्त चंदेरी भागात, सुई उभी धरून, जवळजवळ टोचा. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. मग त्या जागेवर सॉफ्टनरचा थेंब सोडा. भोकांतून तो आत ओढला जातो, हवा बाहेर येते आणि फिल्म मऊ होऊन खाली बसते.

यानंतरचा अर्धा तास कठीण असतो, कारण काही करायचं नसतं. सॉफ्टनर लागला की फिल्मवर सुरकुत्या येतात आणि डिकल वाया गेलं असं वाटतं. बोट लावलं की ते खरंच वाया जातं, कारण त्या वेळी ती फिल्म सायीइतकी नाजूक झालेली असते. नुसतं राहू दिलं तर वाळता वाळता सुरकुत्या आपोआप ताणल्या जातात. उठा, चहा करा, हात मॉडेलपासून लांब ठेवा. पूर्ण वाळल्यावर पुन्हा टॉर्च मारून बघा. उरलेल्या जागी परत टोचा, परत थेंब. एका फेरीत क्वचितच भागतं.

मायक्रो स्केल कंपनीच्या दोन बाटल्यांत अनेकांचा घोळ होतो. निळ्या लेबलची मायक्रो सेट डिकलच्या खाली लावायची. तिला व्हिनेगरसारखा वास येतो आणि तिचं काम पृष्ठभाग ओलसर, तेलकटपणाविरहित करून डिकलला पकड देणं. लाल लेबलची मायक्रो सोल वरून लावायची, ती फिल्म मऊ करते. जपानी मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर या जोडीचंही हेच: सेटर खाली, सॉफ्टर वर. दुरुस्तीसाठी सोल किंवा सॉफ्टर लागतो, सेट नव्हे. बाटली संपली असेल आणि कुरिअर पुण्यातच अडकलं असेल तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर थोडं पाणी घालून वापरून बघा. पातळ फिल्मवर थोडाफार उपयोग होतो. जाड फिल्मवर काही होत नाही.

डिकल कुणी छापलंय यावरही बरंच अवलंबून असतं. इटलीतल्या कार्टोग्राफनं छापलेली डिकलं पातळ असतात आणि थोड्याशा सोलनंही रिव्हेटवर बसतात. काही किटमधली डिकलं इतकी जाड असतात की सौम्य सॉफ्टनर त्यांना नुसताच ओला करतो. उलट काही पातळ डिकलं कडक सॉफ्टनरमध्ये अक्षरशः विरघळतात. म्हणून शीटवरचं न लागणारं एखादं चिन्ह आधी भंगार प्लास्टिकवर लावून त्याच्यावर प्रयोग करायचा.

पॅनेलच्या रेषेवर किंवा फ्लॅपच्या फटीवर डिकल ताणून पुलासारखं उभं राहिलं असेल तर वाळल्यावर नव्या ब्लेडनं रेषेच्या बरोबर वर हलकी चीर द्या आणि चिरेत सॉफ्टनर सोडा. ते दोन्ही बाजूंनी आत उतरतं.

एवढं करूनही मोठ्या फिल्मखाली डाग राहिलाच तर सरळ रंग घ्या. खालचा तोच रंग पातळ करून, सगळ्यांत बारीक ब्रशनं अक्षरांभोवतीच्या मोकळ्या फिल्मवर लावा. काही जण याला लबाडी म्हणतात. म्हणू देत. स्टेन्सिलच्या बाबतीत मला तरी टोचत बसण्यापेक्षा हे बरं वाटतं. आणि डिकल काढूनच टाकायचं ठरलं तर सॉफ्टनरनं भिजवून, मऊ झाल्यावर मास्किंग टेप हलकेच चिकटवून उचला. खालचा रंग नीट वाळलेला असला तर तो जागेवर राहतो.

ग्लॉस मारूनही चांदी येते, तेव्हा

"डिकलच्या आधी ग्लॉस कोट द्या" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. तरी तक्रार उरते, कारण डबीवर ग्लॉस लिहिलंय म्हणून अंगावर ग्लॉस पडतोच असं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो. दुपारी गच्चीवर किंवा खिडकीपाशी एअरब्रश चालवला तर थेंब मॉडेलपर्यंत पोचेपर्यंत हवेतच निम्मे वाळतात आणि अंगावर पडते ती कोरडी भुकटी. बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं. दिसायला थोडी चमक असते, पण डिकलच्या दृष्टीनं तो मॅटच.

खात्री करायची सोपी रीत आहे. वाळलेला पंख ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. ट्यूबच्या प्रतिबिंबाची कड रेघेसारखी दिसत असेल तर काम झालं. कड विस्कटलेली, धुरकट असेल तर अजून एक हात लागेल. आरशासारखी चमक हवी असा हट्ट नको. सेमी-ग्लॉस असला पण गुळगुळीत असला तरी डिकल बसतं. आपल्याला हवाय तो सपाटपणा. चमक त्याच्याबरोबर येते एवढंच.

उन्हाळ्यात सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत मारा. थिनर थोडं जास्त, शक्य असेल तर हळू उडणारं रिटार्डर घातलेलं. एअरब्रश जवळ आणि थर ओला पडेल असा, पण ओघळणार नाही इतपत. तामिया एक्स-२२ हा ग्लॉस क्लिअर त्याच कंपनीच्या थिनरमध्ये पातळ करून दोन-तीन हलके आणि शेवटचा एक ओलसर हात दिला तर भागतं. मग किमान एक पूर्ण दिवस थांबा, पावसाळ्यात दोन. वरून वाळलेला वाटणारा ग्लॉस आतून मऊ असेल तर सॉफ्टनर त्यालाच खातो आणि डिकलसकट सगळं लडबडतं.

एअरब्रश नसलेल्यांना ऑटो पेंटच्या दुकानातला क्लिअर स्वस्त पडतो. दोन सावधगिऱ्या आहेत. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर जहाल असतो. इनॅमल रंगावर सरळ मारला तर खालचा रंग सुरकुततो, आणि डिकलवर पहिलाच हात ओला दिला तर डिकलही सुरकुतू शकतं. म्हणून आधी लांबून दोन-तीन कोरडे, धुळीसारखे हात द्यायचे आणि मग ओला. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, सुंदर येतो, पण १:७२ च्या (खऱ्याच्या बहात्तरपट लहान) विमानावर तो जाड होतो आणि पॅनेलच्या रेषा बुजतात. मोठ्या गाडीला तो चालेल. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे. बंद खोलीत आणि साध्या कापडी मास्कवर तो मारायचा नाही. घरात लहान मुलं असतील तर त्या फंदात पडूच नका.

लावताना

इथं फार सांगण्यासारखं नाही. डिकल मोकळ्या फिल्मसकट न कापता, चिन्हाच्या जमेल तितकं जवळ कापा. फिल्मच नसेल तर चांदी कुठून येणार? छापील फिल्मची मूळ कड उतरती असते आणि कापलेली कड उभी, त्यामुळं नंतर क्लिअरचा एखादा हात जास्त लागतो, पण तो सौदा परवडतो. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगत सोडलं तर गोंद धुऊन जातो. जागेवर सेटरचा थेंब, त्यावर कागदावरून सरकवलेलं डिकल, मग मधून कडेकडं ओलसर इअरबड फिरवत पाणी बाहेर. चोळायचं नाही, लाटल्यासारखं फिरवायचं. त्यानंतरच सॉफ्टनर.

सगळं वाळल्यावर डिस्टिल्ड वॉटरनं पुसून क्लिअरचा हात द्या आणि मगच वॉश (रेषांत उतरणारा पातळ गडद रंग) किंवा वेदरिंग (मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं दाखवणं) करा. क्लिअरशिवाय ऑइल वॉश लावला तर तो डिकलच्या कडेखाली शिरतो आणि काळी रेघ कायमची राहते.

पाणी

शहरात नळाला कृष्णेचं पाणी येतं, पण अपार्टमेंटच्या टाकीत बऱ्याचदा बोअरचं मिसळलेलं असतं. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडं तर बोअरशिवाय पर्याय नसतो. नळाच्या तोटीवर पांढरी खपली जमत असेल तर तेच पाणी डिकलखाली वाळणार आहे. काळ्या स्प्रूच्या (किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना जोडलेले असतात त्यांच्या) तुकड्यावर तुमच्या घरच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या. पांढरं कडं उमटलं तर ते पाणी बाद.

उपाय महाग नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीवाल्याकडं किंवा पेट्रोल पंपावर मिळतं. एका कॅनवर वर्षभराची मॉडेलं होतात. मागताना "बॅटरीचं पाणी" एवढंच सांगून कॅन न वाचता उचलू नका, शेजारीच ॲसिडचा कॅन असतो. आरओचं पाणीही चालतं.

पावसाळ्यातला दुधाळपणा

स्प्रे मारल्यावर थिनर भराभर उडतो आणि जाताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर ओल धरते आणि वाळत्या लॅकरमध्ये अडकते. लाखेच्या पॉलिशलाही दमट हवेत हेच होतं, त्यामुळं मिरजेत सतार-तंबोऱ्याला हात लावणाऱ्या कारागिरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

उपाय तीन. उघडीप पडलेली दुपार बघून मारा. शक्य नसेल तर जलद उडणाऱ्या एनसी थिनरऐवजी रिटार्डर असलेलं वापरा, किंवा पाण्यावर आधारित ॲक्रिलिक क्लिअर घ्या, त्याला हा त्रास कमी. दूध आलंच असेल तर घाबरून पॉलिश करत बसू नका. कोरड्या दिवशी नुसत्या रिटार्डर थिनरची फार हलकी फवारणी केली की लॅकर परत थोडा मऊ होतो, ओल निघून जाते आणि पारदर्शकपणा येतो. खाली डिकल आहेत हे विसरायचं नाही, त्यामुळं हात खरोखर हलका हवा. साताऱ्याकडच्या मित्रांना, विशेषतः घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांना, जुलै-ऑगस्टमध्ये असा कोरडा दिवस सापडणं मुश्कील. त्यांनी त्या दोन महिन्यांत ब्रशकाम आणि जुळणी करावी आणि क्लिअर ठेवून द्यावा.

एसटीची मॉडेलं: वेगळी चांदी, वेगळा इलाज

आपल्याकडं विमानांपेक्षा एसटीच्या गाड्या करणारे जास्त. सनबोर्डची बॉडी, लाल रंग आणि अक्षरांसाठी रेडियमवाल्याकडून कटिंग. मोठ्या अक्षरांना रेडियम उत्तम आहे, तिथं डिकलच्या भानगडीत पडायचं कारण नाही. अडचण बारीक अक्षरांची. नंबरप्लेटचंच घ्या. मोटार वाहन नियमांप्रमाणं बससारख्या गाडीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड. १:३२ ला ते अक्षर जेमतेम २ मिलिमीटर होतं आणि रेघ ०.३. हे रेडियमवाल्याच्या कटरला नीट जमत नाही. इथं वॉटरस्लाइड डिकल पेपरवर घरी किंवा दुकानात प्रिंट काढावी लागते.

पहिली तक्रार असते, "प्रिंट पिवळी काढली, गाडीवर दिसेचना." घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते आणि बाकीच्या शाया पारदर्शक असतात. पारदर्शक पेपरवर छापलेला पिवळा लाल रंगावर गेला की लालच होतो. अशा ठिकाणी पांढऱ्या फिल्मचा डिकल पेपर घ्या आणि पिवळ्या पाटीच्या कडेला बरोबर कापा. कापलेली पांढरी कड उठून दिसते, तिच्यावर लावायच्या आधीच त्याच रंगाच्या मार्करचं टोक फिरवा. दुसरा मार्ग म्हणजे गाडीवर मास्किंग करून पिवळा चौकोन रंगवायचा आणि पारदर्शक पेपरवर फक्त काळी अक्षरं छापायची. वेळ जातो, पण कड दिसत नाही.

दुसरी तक्रार, "पाण्यात टाकलं आणि शाई पसरली." इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते. प्रिंट काही तास वाळू द्या आणि मग ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन पातळ हात मारा, पहिला अगदी कोरडा. कडांपर्यंत क्लिअर गेला पाहिजे, नाहीतर पाणी कडेनं शिरतं. लेझरच्या टोनरला पाणी लागत नाही, पण घडी पडली की तो टवका उडवतो, म्हणून त्यालाही एक हात द्याच. या हातांमुळं घरचं डिकल किटमधल्यापेक्षा जाड होतं आणि सॉफ्टनरला फारसं दाद देत नाही. म्हणजे खालचा रंग गुळगुळीत असणं इथं आणखी गरजेचं. सनबोर्डवर प्रायमर मारून, घासून, मगच लाल. सनबोर्डची कापलेली कड सच्छिद्र असते, तिथं पुट्टी न भरता डिकल नेलं तर कडेला चांदी ठरलेली.

देवनागरीचा त्रास निराळाच. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद लहान आकारात छापलं की वेलांट्या-उकार पुसट होतात आणि शिरोरेषा तुटते. बारीक फॉन्ट टाळा, ठळक आणि मोकळ्या पोटाचा घ्या, अक्षरांत थोडं अंतर वाढवा. आणि फाइल दुकानात नेण्याआधी अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून पीडीएफ बनवा. नाहीतर काउंटरवर ठरलेला संवाद होतो: "ह्यातला फॉन्ट आमच्यात नाय ओ दादा, श्रीलिपीत टाईप करून देऊ का?" आणि मग तुमचा ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या हातात. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद आहे ना तेही विचारा.

जाता जाता: सांगली डेपोची गाडी आहे म्हणून सरसकट एमएच १० टाकू नका. एसटीच्या बऱ्याच गाड्यांचा पासिंग नंबर बॉडी जिथं बांधली तिथला असतो. दापोडीच्या कार्यशाळेतल्या कितीतरी गाड्यांना एमएच १४ आणि चिकलठाण्याच्या गाड्यांना एमएच २० दिसेल. स्टँडवर जाऊन फोटो काढा आणि तोच नंबर छापा.

जुनी आणि ओल लागलेली शीट

२०१९ आणि २०२१ च्या पुरात खालच्या कपाटातली किटं भिजलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत. प्रत्यक्ष पाणी लागलं नाही तरी त्या दमट खोलीत राहिलेली शीट आतून बिघडलेली असते. गोंद ओल धरून कडेनं वर येतो आणि वरचा बटर पेपर चिकटतो. तो ओढून काढू नका, शाई त्याच्याबरोबर येते. न लागणाऱ्या चिन्हाचा तुकडा कापून कागदासकट कोमट पाण्यात टाका, बऱ्याचदा दोन्ही आपोआप सुटतात. तसं झालं तर बाकीच्यांनाही तीच रीत. बुरशीचे वरवरचे ठिपके ओलसर इअरबडनं निघतात. शाईच फिकी पडली असेल तर इलाज नाही.

पिवळी पडलेली फिल्म मात्र सुधारते. शीट पारदर्शक पिशवीत बंद करून छापलेली बाजू बाहेर येईल अशी खिडकीच्या काचेला टेपनं चिकटवा. आपल्या उन्हात काही दिवसांत फरक दिसतो. रोज बघत जा, पिवळेपणा गेला की लगेच काढा. जास्त दिवस ठेवलं तर शाई विटते आणि फिल्म ठिसूळ होते.

ठिसूळ शीटची परीक्षाही एका बिनकामाच्या तुकड्यानंच घ्यायची. पाण्यात त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर मायक्रो स्केलचं लिक्विड डिकल फिल्म किंवा ग्लॉस क्लिअरचा एकसारखा हात द्या आणि रात्रभर वाळवा. यानंतर सगळ्या शीटवर एकच सलग फिल्म तयार होते, त्यामुळं प्रत्येक चिन्ह कडेनं वेगळं कापावं लागतं.

आणि यातलं काहीही करायच्या आधी शीट ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवूनच स्कॅन करा, म्हणजे कधी नव्यानं छापायची वेळ आली तर मापासाठी अंदाज बांधावा लागणार नाही.